काळी माती हादरा गिळते का?

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोडला आमचा प्लॉट आहे. वर सहा-सात फूट काळी माती, खाली मुरूम. मिस्त्री म्हणतो, काळी माती भूकंपाचा हादरा गिळते. खरं आहे का?

उत्तर : उलट आहे. मऊ थरात लाटा मंदावतात आणि जमीन जास्त डोलते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, भचाऊजवळ होतं. पण दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, साबरमतीच्या गाळावर वसलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. खाली नुसते खांब आणि पार्किंग, हा त्यातल्या अनेकींचा दोष. किल्लारीत 1993 साली मात्र जीव घेतले ते मुख्यतः दगडमातीच्या जड भिंतींनी.

वाळू पातळ होऊन घर रुततं, ते पाण्याने भरलेल्या भुसभुशीत वाळूत. तुमच्या चिकट मातीला ती भीती नाही. तिची खोड वेगळी : मे महिन्यात भेगांत हात जातो, पावसात तीच फुगते. भूकंपाची वाट न बघता ती भिंती तडकवते.

म्हणून फुटिंग कडक मुरमापर्यंत न्या आणि सगळी प्लिंथ बीमने एकमेकांना बांधा. अर्धं घर मुरमावर, अर्धं भरावावर, असं अजिबात नको. माती परीक्षण आधी, नकाशा नंतर. मिस्त्रीबुवांना भिंतीची ओळंब्यातली सफाई विचारा, माती नको.