यंत्रमाशी आणि मधमाशी

यंत्रमाशीचे पहिले नियंत्रित उड्डाण हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केले. परंतु वीज पुरवण्यासाठी तिला बारीक तार जोडावी लागली होती. आपल्या वडगावातील मधमाशी बिनतारेची उडते.

काकडीच्या वेलावर नरफूल निराळे, मादीफूल निराळे. एकाचे पराग माशी दुसऱ्यावर पोचवते, तेव्हा फळ धरते. कन्नडमध्ये मधाला ‘जेनुतुप्प’, म्हणजे माशीचे तूप म्हणतात. पण मी वाणिज्य शाखेचा. मला मधापेक्षा ही वाहतूक मोलाची वाटते. तिचे भाडे माशी मागत नाही, म्हणून ते कोणाच्या खतावणीत चढत नाही. ऐन फुलोऱ्यात सकाळी औषध फवारले तर माश्या मरतात, फळ घटते, आणि दोष हवामानाला जातो.

रोबो-स्पर्धेसाठी मधमाशी अभ्यासणाऱ्या मित्रांनी हा जमाखर्च आधी मांडावा. फवारणी सायंकाळी, माश्या परतल्यावर करणे यंत्रमाशीपेक्षा स्वस्त आहे.