लांब पल्ल्याच्या निशाणबाजींत गोळीची निवड

निशाणबाजीचा खेळ पाहणाऱ्याचें सर्व लक्ष नेमबाजाच्या डोळ्याकडे व हाताकडे लागलेलें असतें. नेम स्थिर असला व हात निष्कंप असला कीं गोळी जावयाची तेथें जाणारच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पन्नास-शंभर पावलांवर ती बहुतांशीं खरी ठरते. परंतु निशाण १००० यार्डांवर, म्हणजे अर्ध्या मैलाहूनही दूर, उभें केलें कीं नळींतून सुटलेली गोळी दीड सेकंदाहून अधिक वेळ हवेंत एकटीच प्रवास करीत असते. तेवढ्या वेळांत नेमबाजाच्या हातीं कांहींएक उरत नाहीं. पुढें जें व्हावयाचें तें गोळीच्या अंगच्या गुणांवर व वाऱ्यावर अवलंबून असतें. म्हणून गोळी कशी निवडावी, या प्रश्नाचा येथें थोडासा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांत उपयोगीं पडतात, असें वाचकांस आढळून येईल.

एक जुनी परीक्षा

१८५७ सालीं इंग्लंडांत हाइथ येथें दोन रायफलींची तुलना करण्यांत आली. एक सैन्यांतील एन्फील्ड, व दुसरी मँचेस्टरचे प्रसिद्ध यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनीं तयार केलेली. दोहींच्या गोळ्यांचें वजन सारखेंच, म्हणजे ५३० ग्रेन होतें. (७००० ग्रेनांचा एक पौंड होतो.) मग फरक कोणता? एन्फील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता, व्हिटवर्थच्या नळीचा ०.४५१ इंच. तेवढेंच शिसें अरुंद साच्यांत ओतल्यामुळें व्हिटवर्थची गोळी अधिक लांबट झाली होती. परिणाम असा झाला कीं, ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्यांचें सरासरी विचलन २.२४ फूट भरलें, तर व्हिटवर्थच्या गोळ्यांचें अवघें ०.३७ फूट. १४०० यार्डांवर तर एन्फील्डची परीक्षा घेणेंच सोडून द्यावें लागलें. पुढें २ जुलै १८६० रोजीं विंबल्डन येथील पहिल्या मोठ्या सामन्याचा आरंभ व्हिक्टोरिया राणीनें व्हिटवर्थचीच रायफल उडवून केला. नुसत्या वजनावरून गोळीची योग्यता ठरत नाहीं, हा पहिला धडा या परीक्षेनें शिकविला.

वारा आणि विलंब

लांबट, निमुळत्या गोळीचा लाभ काय, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, गोळी सेकंदास ३००० फूट वेगानें सुटली. १००० यार्ड म्हणजे ३००० फूट. वाटेंत हवा नसती तर तिला बरोबर एक सेकंद लागला असता. परंतु हवेच्या अडथळ्यामुळें चांगल्या गोळीसही दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. हा जो अर्ध्या सेकंदाचा विलंब, त्यावरच वाऱ्याचा सर्व खेळ चालतो. आडवा वारा ताशीं १० मैल, म्हणजे सेकंदास सुमारें साडेचौदा फूट वाहत असेल, तर विलंबाला त्या वेगानें गुणावें. गोळी सात फुटांहून अधिक बाजूस वाहून जाईल. बिस्ले येथील सामन्यांत १००० यार्डांवरील निशाणाचा मधला भाग (बुल) दोन फूट व्यासाचा असतो. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अंतर एकच फूट! वाऱ्याच्या अंदाजांत ताशीं दीड मैलाची चूक झाली तरी नेमबाज बाहेर पडला. ही चूक कोणाच्याही हातून व्हावयाची. म्हणून जी गोळी हवेंतून कमी विलंबानें जाते ती नेमबाजाच्या चुकीस क्षमा करते, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. पुढून टोंकदार व मागून नावेच्या पिछाडीप्रमाणें निमुळती केलेली गोळी पसंत करण्याचें कारण हेंच.

गोळी आणि नळी यांचा मेळ

मग गोळी जितकी लांब तितकी चांगली काय? तसें नाहीं. लांब गोळी हवेंत उलथूं पाहते. भोवरा फिरत आहे तोंवर उभा राहतो, त्याचप्रमाणें गोळीस स्वतःभोंवतीं फिरवूनच सरळ ठेवावें लागतें. त्यासाठीं नळीच्या आंत मळसूत्री खाचा पाडलेल्या असतात. एन्फील्डच्या नळींत ७८ इंचांत एक फेरा होता, व्हिटवर्थच्या नळींत २० इंचांतच एक. लांब गोळीस अधिक पीळ लागतो, हें त्यांनीं प्रयोगानें ओळखिलें होतें. १८७९ सालीं वुलिच येथील गणिती ग्रीनहिल यांनीं यासाठीं एक सोपा नियम सांगितला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्यास १५० नें गुणावें व गोळीच्या लांबीनें भागावें. जितके इंच येतील तितक्यांत एक फेरा असावा. ०.३०८ इंच व्यासाची गोळी १.२ इंच लांब असल्यास उत्तर सुमारें १२ इंच येतें, तीच १.४ इंच लांब असल्यास सुमारें १० इंच. आज याहून सूक्ष्म गणितें उपलब्ध आहेत. तथापि त्यांचें तात्पर्य हेंच कीं, नळीचा पीळ प्रथम पाहावा व मग गोळी विकत घ्यावी.

शेवटची शंभर पावलें

सिएरा या अमेरिकन कारखान्याची १६८ ग्रेनांची एक गोळी ३०० मीटरांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीं योजिलेली आहे. त्या अंतरावर तिची मोठी ख्याति आहे. परंतु तीच गोळी ०.३०८ विंचेस्टर काडतुसांतून १००० यार्डांवर सोडली, तर प्रवासाच्या शेवटीं तिचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदास सुमारें ११०० फुटांजवळ, येऊन ठेपतो. त्या वेळीं गोळीभोंवतींच्या हवेचे दाब बदलतात, ती डगमगूं लागते, व नऊशें यार्ड सरळ आलेली गोळी शेवटच्या शंभर यार्डांत भरकटते. याच्या उलट पाल्मा नांवाचा सामना पाहा. तो १८७६ सालीं अमेरिकेंत क्रीडमूर येथें सुरू झाला. आज त्यांत ८००, ९०० व १००० यार्डांवरून नेमबाजी होते, आणि ०.३०८ इंची गोळी १५६ ग्रेनांहून हलकी असावी असा नियम आहे. त्यासाठीं बनविलेली १५५ ग्रेनांची निमुळती गोळी वजनानें हलकी असल्यामुळें अधिक वेगानें सुटते, आणि निशाणापर्यंत ध्वनीला मागें टाकूनच पोंचते. येथें हलक्या गोळीनें जड गोळीवर मात केली, ती याच कारणानें.

सारखेपणा व परीक्षा

इतकें सर्व जुळलें तरी एक गुण उरतोच, तो सारखेपणा. पेटींतील एक गोळी दुसरीसारखी नसेल, तिचा गुरुत्वमध्य किंचित् बाजूस असेल, किंवा टोंक वेडेंवांकडें असेल, तर उत्तम नेमही फुकट जातो. म्हणून जाणते नेमबाज गोळ्या तराजूंत तोलून व मापून निवडतात. पण अखेरचा न्याय निशाणाच्या कागदावरच होतो. ही परीक्षा परवानगीच्या मैदानावर, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं, व ज्या अंतरावर सामना असेल त्याच अंतरावर करावी. दोन जातींच्या गोळ्या आळीपाळीनें सोडाव्या, म्हणजे वारा दोहींस सारखाच भोंवेल. पांच गोळ्यांच्या एका सुरेख पुंजक्यावर भुलूं नये. पंधरा-वीस गोळ्या पाहाव्या. आडवा पसारा बहुधा वाऱ्याचा असतो. उभा पसारा गोळीगणिक वेग बदलतो असें सुचवितो.

अंतर बदललें कीं निवडही बदलते. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें ५० मीटरांच्या रायफल स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेच्या ०.२२ इंची शिशाच्या गोळ्या सहसा ध्वनीहून किंचित् कमी वेगानेंच सोडण्यांत येतात, म्हणजे ती अडचणीची सीमा ओलांडण्याचा प्रसंगच येत नाहीं. दूरच्या नेमबाजानें ती सीमा निशाणापलीकडे ढकलिली, तर जवळच्यानें आरंभींच टाळिली. प्रश्न एकच, उत्तरें दोन!

विद्यार्थिमित्रहो, कोणतेंही साधन विकत घेतांना त्याची किंमत, वजन व कीर्ति हीं सहज दिसतात. आपल्या कामास व आपल्या हातांतील हत्यारास तें साजेल कीं नाहीं, तें मात्र मापून व पारखूनच कळतें. आणि तें शेवटपर्यंत टिकेल कीं नाहीं, याचा विचार आरंभींच करावा लागतो. गोळी सुटल्यावर नव्हे.