गेमिंग संगणक : तयार घ्यावा की जुळवून घ्यावा?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. तयार सदरा घ्यावा की कापड फाडून शिंप्याकडे टाकावे, हे गिऱ्हाईक आम्हाला रोज विचारते व आम्ही रोज छातीठोकपणे सांगतो. पण घरात गेमिंग संगणक घेण्याची वेळ आली तेव्हा हाच प्रश्न आम्हाला सुटला नाही आणि सत्तर हजार रुपयांतला बराच भाग पाण्यात गेला. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरी मुले आज हीच मागणी करीत आहेत, म्हणून आमचा तजुर्बा येथे मांडतो.

संगणक दोघांसाठी हवा होता. धाकट्याला खेळायचे होते, थोरल्या मुलीला साड्यांच्या काठांची डिझाइने काढायची होती. एका दुकानात काचेच्या पेटीत रंगीत दिवे लागलेला तयार संगणक पाहिला, भाव पटला, पैसे मोजले. बिलावर एकच ओळ : गेमिंग संगणक, नग १. आठव्या महिन्यात वीज कमीजास्त झाली आणि आतला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, जळाला. जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, जळालेल्या मालाला वॉरंटी नाही. पुर्ज्यांच्या कंपन्यांकडे दाद मागावी, तर बिलावर एकाही पुर्ज्याचा नंबर नाही. चलनावर तागे आणि मीटर लिहिलेले नसतील तर आम्ही गाठोडे उतरवून घेत नाही. येथे मात्र डोळे मिटून घेतले. मुलीने हाती घेतलेले काम अडकले ते वेगळेच.

त्यानंतर आम्ही नीट चौकशी केली. संगणकाच्या पोटात मुख्य पुर्जे सात-आठच असतात : प्रोसेसर, त्याचा पंखा, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट. गिऱ्हाईक विचारते ते प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचे. म्हणून तयार माल विकणारा काटकसर करतो ती उरलेल्यांत. सदऱ्याचे कापड वरून झकास आणि आतले कॅनव्हास, दोरा व बटणे हलकी, तसाच हा प्रकार. एसएमपीएस बेनामी असतो. रॅमची एकच पट्टी घालतात. वास्तविक आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या सोळाच्या एका पट्टीपेक्षा खेळात सरस ठरतात, कारण प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते. काही नामांकित कंपन्या तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस स्वतःच्याच मापाचे बसवतात. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचे माप आणले. त्या मापाचा पुर्जा कोणत्याही कंपनीचा असला तरी बसतो. कंपनीच्या खास मापाचा पुर्जा बिघडला की मात्र पुन्हा तिच्याच दारी जावे लागते आणि ती सांगेल तो भाव द्यावा लागतो.

नावांच्या बाबतीतही सावध असावे. नुसते ‘आय-सेव्हन’ सांगून माल खपवतात, पण २०१३ सालचा आय-सेव्हन ४७७० हाही आय-सेव्हनच. आरटीएक्स ३०५० हे कार्ड २०२२ साली ८ जीबीचे आले आणि २०२४ साली त्याच नावाने ६ जीबीचे. दुसऱ्यात मेमरी तर कमी आहेच, शिवाय कोअरही २५६० च्या जागी २३०४ आहेत. ऐंशी काउंटच्या नावावर साठचे सूत विकणारे आमच्याही बाजारात आहेत, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला लवकर उमगली.

तयार संगणक सदैव वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. २०२०-२१ साली ग्राफिक्स कार्डांची टंचाई झाली, सुटी कार्डे दुप्पट भावाने गेली. तेव्हा कंपनीचा तयार संगणकच स्वस्त पडत होता. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. सूत महागते तेव्हा ज्या रेडिमेडवाल्याकडे जुन्या भावाचा साठा असतो त्याच्याकडे जाणे शहाणपणाचे, तेच येथेही. शिवाय तयार संगणकात विंडोजचा परवाना बहुधा आलेला असतो आणि बिघाड झाला तर एकच दार ठोठवायचे असते. जुळवलेल्या संगणकात अनेक दुकानदार विंडोज ‘फुकट’ घालून देतात. ती चोरीची असते. तिचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

जुळवण्यातही कष्ट आहेत. प्रोसेसर आणि कार्डाला साधारण तीन वर्षांची, चांगल्या एसएमपीएसला त्याहून अधिक वॉरंटी मिळते, पण नेमके काय बिघडले हे आपणच शोधायचे. हल्ली सॉकेटच्या पिना मदरबोर्डावर असतात. बसवताना एक वाकली तरी वॉरंटी मिळत नाही. पैसे जमतील तसा दर महिन्याला एकेक पुर्जा घेण्याचा सल्ला काहीजण देतात. आम्हाला तो पटत नाही : वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते आणि पहिला पुर्जा खराब होता हे सहा महिन्यांनी कळते. हप्त्यांच्या ‘बिनव्याजी’ योजनेतही बँक व्याज लावतेच, ते सवलत म्हणून वजा दाखवले जाते आणि व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी बसतो. त्यापेक्षा रक्कम जमल्यावर सारे एकदम घ्यावे.

दुसऱ्या खेपेस आम्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांतून भाव काढले. वाचलेले पुर्जे कामी आले, बाकीचे नवे घेतले. एसएमपीएस ८० प्लस ब्राँझ दर्जाचा, गरजेपेक्षा थोड्या जास्त वॉटचा घेतला. रविवारी धाकटा आणि भाचा जोडायला बसले. दोन तास पडदा काळाच. घरातल्यांचे चेहरे उतरले. शेवटी भाच्याला दिसले की प्रोसेसरला वीज देणारी, मदरबोर्डाच्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर लावायचीच राहिली होती.

ज्यांच्या घरी असा भाचा नाही त्यांनी पुर्जे स्वतः निवडावेत आणि जोडणी दुकानदाराकडून समोर बसून करून घ्यावी. कापड आपले, शिलाई शिंप्याची. प्रत्येक पुर्ज्याचे मॉडेल व सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यावेत, खोकी जपून ठेवावीत आणि एखादा जड खेळ तासभर दुकानातच चालवून पाहावा. यंत्रमागांच्या वस्तीत वीज सतत वरखाली होते. तेथे घरचे अर्थिंग तपासून यूपीएस जोडल्याशिवाय संगणक सुरू करू नये.