बांधापलीकडचा कळप

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कुकडी व घोड या नद्यांच्या पाण्यावर ऊस पिकतो. रानडुकरांचा कळप दिवसा या दाट उसात दडून राहतो आणि रात्री शेजारच्या शेतातील भुईमूग, बटाटे उकरून फस्त करतो. नुकसान एकाचे, आसरा दुसऱ्याच्या शेतात! मग संतापलेल्या शेतकऱ्याने बंदूक घेऊन त्या उसात शिरावे काय? नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार, उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या शिकारीसही वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शिवाय शेतमालकाची संमतीही हवी. त्याच उसात बिबट्याही दडलेला असू शकतो. रानडुकराला बांध कळत नाही. म्हणून ज्याचे पीक गेले त्याने परवानगी मिळवावी, ज्याच्या उसात कळप आहे त्याने वाट द्यावी. शेजारधर्म तो हाच.