शहराची तिजोरी रिकामी झाली तर निर्णय कोणी घ्यायचा? – फ्लिंट शहराचा धडा



सहावीच्या नागरिकशास्त्रात ‘शहरी स्थानिक शासन संस्था’ हा पाठ आहे. नगरपालिकेची कामं, उत्पन्नाची साधनं, महापौर, आयुक्त हे सगळं मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितातही. पण त्या पाठात एक साधा प्रश्न दडलेला असतो. पालिकेकडचे पैसेच संपले तर काय होतं? कुठला खर्च कापायचा हे कोण ठरवतं? या प्रश्नासाठी अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची हकिकत फार उपयोगी पडते. त्यात नागरिकशास्त्र आहे, विज्ञान आहे आणि गणितही आहे.

शहर गरीब कसं झालं?

फ्लिंट हे मिशिगन राज्यातलं शहर. जनरल मोटर्स ही मोटार कंपनी १९०८ साली इथेच स्थापन झाली. १९६० च्या सुमारास शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या जवळ होती. पुढे कारखाने बंद पडत गेले, हजारो नोकऱ्या गेल्या, लोक शहर सोडून निघाले. लोकसंख्या निम्म्यावर, म्हणजे एक लाखाच्या आसपास आली. माणसं गेली की कर भरणारेही जातात. पण रस्ते, पाइपलाइन, दिवे तेवढेच राहतात आणि त्यांचा खर्च कमी होत नाही. त्यात राज्याकडून मिळणारा निधीही घटला. मुलांना हे सहज समजतं: घरात कमावणारे कमी झाले, घरभाडं मात्र तेच.

लोकांनी निवडलेल्यांचे अधिकार गेले

२०११ मध्ये राज्य सरकारने फ्लिंटमध्ये आर्थिक आणीबाणी जाहीर केली आणि ‘आणीबाणी व्यवस्थापक’ नेमला. हा माणूस निवडून आलेला नव्हता. त्याला राज्याच्या गव्हर्नरने नेमलं होतं. (अमेरिकेत गव्हर्नर लोकांमधून निवडून येतो. आपल्या राज्यपालांशी त्याची गल्लत होऊ देऊ नका.) महापौर आणि नगरसेवक खुर्चीवर राहिले, पण शेवटचा शब्द व्यवस्थापकाचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी असे अधिकार देणारा कायदा मतदानाने रद्द केला. त्यानंतर काही आठवड्यांतच विधिमंडळाने तशाच प्रकारचा नवा कायदा केला!

बचतीचा निर्णय

फ्लिंटला १९६७ पासून डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचं शुद्ध केलेलं पाणी मिळत होतं. ते महाग पडायचं. म्हणून नव्या पाइपलाइन योजनेत सामील व्हायचं ठरलं. त्याला नगरसेवकांनीही मत दिलं होतं. पण ती लाइन पूर्ण होईपर्यंत फ्लिंट नदीचं पाणी वापरायचं, हा निर्णय व्यवस्थापकांच्या काळातला. दोन वर्षांत सुमारे ५० लाख डॉलर वाचतील असा अंदाज होता. २५ एप्रिल २०१४ रोजी महापौर डेन वॉलिंग यांनी बटण दाबलं, अधिकाऱ्यांनी पाण्याचे पेले उंचावले.

नदीचं पाणी पाइप जास्त झिजवणारं होतं. अशा पाण्यात फॉस्फेट घालतात. त्याने पाइपच्या आतून पातळ थर जमतो आणि धातू पाण्यात उतरत नाही. फ्लिंटमध्ये ते घातलंच नाही. खर्च किती आला असता? दिवसाला साधारण शंभर-दीडशे डॉलर. जुन्या घरांना जोडणारे पाइप शिशाचे होते. शिसं पाण्यात उतरायला लागलं.

लोक सांगत होते

लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते. अंगावर पुरळ येतं, पाण्याला वास येतो, असं सांगत होते. उत्तर एकच: पाणी सुरक्षित आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणं थांबवलं, कारण यंत्राचे भाग गंजत होते. कारखान्याला दुसरं पाणी मिळालं. घरांना मात्र तेच राहिलं. हे वाक्य वर्गात दोनदा वाचा आणि मुलांना बोलू द्या.

मार्च २०१५ मध्ये नगरसेवकांनी डेट्रॉइटचं पाणी परत घ्यावं असा ठराव ७ विरुद्ध १ मतांनी केला. व्यवस्थापकांनी तो मानला नाही. जुलैमध्ये महापौरांनी टीव्हीवर नळाचं पाणी पिऊन दाखवलं.

सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हाना-अतिशा यांनी आकडे मांडले: पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तात शिसं जास्त असलेल्यांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच खोटं ठरवायला पाहिलं, पण थोड्याच दिवसांत आकडे मान्य करावे लागले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी डेट्रॉइटचं पाणी पुन्हा सुरू झालं.

पालकांसाठी दोन गोष्टी. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, लक्ष लागणं आणि शिकणं दोन्ही बिघडतं. त्याची ‘एवढं चालतं’ अशी सुरक्षित मर्यादा नाही. आणि पाणी उकळून शिसं जात नाही. तपकिरी रंग लोखंडाच्या गंजाचा असतो, शिसं डोळ्यांना दिसत नाही.

वर्गात काय घेता येईल?

१. गणित: २५ एप्रिल २०१४ ते १६ ऑक्टोबर २०१५ हे ५३९ दिवस. रोज १५० डॉलर धरले तर फॉस्फेटचा खर्च किती? ८०,८५० डॉलर. पुढे २०२१ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई सुमारे ६२ कोटी ६० लाख डॉलरची. वाचवायचे होते ५० लाख. किती पट? सव्वाशे पट.

२. विज्ञान: तीन खिळे घ्या. एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात, एक तेल लावून मिठाच्या पाण्यात ठेवा. आठवडाभर नोंदी करायला लावा. तेलाचा थर म्हणजे फॉस्फेटचा थर, एवढं साम्य पुरे.

३. नागरिकशास्त्र: गटांना विचारा, ‘तुमच्या शहराकडे पैसे कमी आहेत. दिवे, बाग, पाणी, दवाखाना, उत्सवाची रोषणाई यांतलं काय कापाल? आणि ते ठरवण्याआधी कोणाला विचाराल?’ दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे.

या पाठातून काय घ्यायचं?

काटकसर करणं चूक नाही. तिजोरी रिकामी असेल तर कुठेतरी कात्री लावावीच लागते. फ्लिंटच्या लोकांचा संताप वेगळाच होता. ज्यांच्या घरात ते पाणी येत होतं त्यांचं कोणी ऐकत नव्हतं, आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांना जाब विचारायची सोय नव्हती. नोव्हेंबर २०१५ च्या निवडणुकीत महापौर हरले. त्यांचा दोष होताच, पण मतपत्रिकेवर व्यवस्थापकांचं नावच नव्हतं. राग काढायला लोकांच्या हाती तेवढंच दार उरलं होतं.

आपल्याकडेही २०२२ पासून अनेक महानगरपालिकांचा कारभार काही वर्षं प्रशासकांकडे होता. तिथलं कारण वेगळं, निवडणुका लांबल्याचं. पण ‘नगरसेवक नसेल तर तक्रार कोणाकडे करायची?’ हा प्रश्न मुलांनी घरीही ऐकलेला असतो. तो वर्गात जरूर येऊ द्या.

नगरसेवकांची संख्या पाठ करून दोन गुण मिळतील. पण ‘हा निर्णय कोणी घेतला आणि त्याला विचारायचं कुठे?’ हे विचारायला मूल शिकलं, तर पाठ खऱ्या अर्थाने झाला म्हणायचा. तुमच्या वर्गात मुलांनी कुठला खर्च कापला, ते नक्की कळवा.