गुरांच्या पोटातील न पचणारा गोळा

अमरावती व अकोला जिल्ह्यांत कापसाची वेचणी आटोपली की गुरे पऱ्हाटीच्या रानात मोकळी सुटतात. उन्हाळ्यात चारा सरल्यावर तीच गुरे उकिरड्याकडे वळतात. गाय चारा नीट न चावता गिळते व मागाहून रवंथ करते; त्यामुळे शिळ्या अन्नासह गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवीही पोटात जाते. कोठीपोटातून पुढची वाट अरुंद असल्याने पिशव्या, सुतळी व चिंध्या तेथेच गुंतून त्यांचा गोळा बनतो. यालाच ‘बेझोर’ म्हणतात. मूळ फारशी शब्दाचा अर्थ विषावरचा उतारा. रानबोकडाच्या पोटातील असे खडे एकेकाळी औषध म्हणून जपले जात. प्लास्टिकचा गोळा मात्र जनावराच्या जिवावरच उठतो.

रवंथ मंदावणे, डावी कूस वारंवार फुगणे, शेण कमी पडणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बोलवावे. तेल पाजून हा गोळा विरघळत नाही. डाव्या कुशीतून शस्त्रक्रिया करूनच तो काढावा लागतो. राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. तथापि पूर्वीच्या पिशव्या उकिरड्यात कुजत नाहीत. त्या वेचून काढणे व उकिरड्यास कुंपण घालणे ग्रामपंचायतीस सहज शक्य आहे. स्फुरदाच्या कमतरतेमुळेही गुरे चिंध्या व हाडे चघळतात. अशा गुरांना खनिज मिश्रण द्यावे.