एका कानाने अचानक ऐकू येईना? दिवस घालवू नका

सकाळी उठलं तर एक कान बंद. मोबाईल त्या कानाला लावला तर आवाजच नाही. सोबत कानात शिट्टी वाजल्यासारखं, कधी चक्कर. आपण म्हणतो, दडा बसला असेल, मळ असेल. कोमट तेल टाकतो आणि सोयाबीनची सोंगणी झाली की दाखवू म्हणतो. तायांनो, इथंच कान हातचा जातो.

कानात मळ किंवा सर्दी अडकली, तर आवाज आत पोचत नाही. हा त्रास सहसा बरा होतो. पण आतल्या भागाला किंवा नसेला इजा झाली, तर तीन दिवसांच्या आत ऐकणं एकदम कमी होतं. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं, की विमानातून उतरल्यावर त्यांना अचानक ऐकू येईना. विषाणूमुळे नसेवर परिणाम झाल्याचं डॉक्टरांचं निदान होतं.

घरी एक करून बघा. तोंड मिटून 'हूं' असा आवाज काढा. बंद कानात मोठा वाटला, तर मळ-सर्दी असू शकते. चांगल्या कानात मोठा वाटला, तर नसेचा त्रास असू शकतो. पण यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवाच.

उपचार काय? कान-नाक-घसा तज्ज्ञ ऐकण्याची तपासणी करतात. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, गरज पडली तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देतात. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर फायद्याची आशा जास्त. नंतर ती कमी होत जाते. काहींना आपोआपही ऐकू येतं, पण आपल्याला येईलच हे कुणी सांगू शकत नाही. साखर किंवा बीपी असेल तर आधी सांगा, कारण या गोळ्यांनी साखर वाढते. गोळ्या मनाने घेऊ नका, मधेच सोडू नका.

तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा हातपाय लुळा पडला, तर लगेच १०८ ला फोन करा.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. त्यासाठी मासिक बैठकीची वाट बघू नका, अध्यक्ष-सचिवांना त्याच दिवशी सांगा.

येत्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि विचारा: आपल्यापैकी कुणी एकच कान पुढे करून ऐकतंय का?